यंत्र वाजलं नाही

घरीच अणुकेंद्रं जोडण्याचे, म्हणजे फ्यूजनचे प्रयोग करणाऱ्या सुचितानं न्यूट्रॉन आला की वाजणारं नवं चिपवालं यंत्र तपासायला घेतलं. न्यूट्रॉन नसताना ते गप्प राहतं का, एवढंच बघायचं होतं.

तेवढ्यात बियाणेवाला गोकुळ टपकला. गेल्या साली बोगस बियाणं विकून अर्धं उंद्री गाव नागवणारा, लाज कोळून प्यालेला माणूस. त्यानं यंत्रापुढं बीटी कपाशीचं पाकीट धरून व्हिडिओ काढला. "पाहा, वाजलं नाही. म्हंजे माल अस्सल."

"त्याच्यापुढं शेण ठेवलं तरी ते वाजणार नाही," सुचिता म्हणाली. तिचं तेवढं वाक्य कापून त्यानं व्हिडिओ गावभर पाठवला.

संध्याकाळी बाबा तीच पाकिटं घेऊन आले. तिला शिसारी आली. "त्या चोरावर भरोसा ठेवला तुम्ही?"



"त्याच्यावर कोन ठेवते, बाई? तुह्या मशीनवर ठेवला."