शिशाखालचं वजन

सरावलीच्या वाडीत दिशा उद्याच्या तासाची तालीम करत होती. शाळेत ती विज्ञान शिकवायची, आणि तिचा प्रयोग फसला असं आजवर कधी घडलं नव्हतं.

पपईच्या पोकळ देठातून तिने नायलॉनची दोरी ओवली. वरच्या टोकाला कच्चा चिकू बांधला, खालच्या टोकाला चिंचणीच्या कोळ्यांकडून आणलेलं, मासे धरायच्या जाळ्याचं शिसं.

शेजारी चिकू निवडत बसलेल्या बाबांनी शिसं तळहातावर तोललं. काट्याच्या आधी त्यांचा हात वजन सांगायचा. "दोनशे ग्रॅम."

"म्हणजे ते अधांतरी तोलून धरायला दहा सेकंदांत दहा फेरे लागणार," म्हणत दिशाने देठ उंच धरला आणि चिकू डोक्यावर गरगर फिरवला. "बाबा, फिरण्याच्या वेगावरून वजन कळतं. आकाशगंगेच्या कडेचे तारे इतके जोरात फिरतात, की दिसतंय तेवढं वजन पुरतच नाही. न दिसणारंही असणारच."

तिने फेरे मोजले. वीस झाले.

पुन्हा मोजले. वीसच.

"दुप्पट वेग म्हणजे चौपट वजन," ती शांतपणे म्हणाली. "आठशे. सहाशे जास्तीचे आहेत."

बाबा उठले. शिशाच्या खाली, रिकाम्या जागेत, त्यांनी ओंजळ धरली.

चिकूचा वेग एकदम उतरला. दिशाने सवयीने मोजलं. दहा.

बाबांचे हात हळूहळू खाली दबले.

"सहाशे बरोबर," ते म्हणाले. "पण कोमट लागतंय गं. अंगासारखं."