खडमांजराची बोटं

बजाजनगरच्या खोलीत विश्वजित लेक सावनीसाठी मातीचा प्राणी घडवत होता. तो प्राणी तिनंच शाळेच्या प्रदर्शनासाठी कल्पनेनं रचलेला: पाणमांजरापासून उत्क्रांत झालेलं, दगडानं शिंपले फोडणारं खडमांजर. पण कंपनीतल्या पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये एका हाताची दोन बोटं गेल्यापासून विश्वजितला बारीक काम जमेना. दगड धरलेला पंजा पुन्हा तुटला, तसा तो वैतागला. "बाबा, याला तीनच बोटं ठेवू," सावनी म्हणाली. "बिनकामाची दोन हळूहळू गळाली असतील." "बिनकामाची?" तो भडकला. "तीन बोटांतून दगड निसटतो. असली पिल्लं उपाशी मरतात, त्यांचा वंश पुढं चालत नाय!" सावनीनं खरा दगड पुढं केला. "धरून दाखवा ना." त्याच्या तीन बोटांतून दगड दोनदा निसटला. चिडून त्यानं तो तळव्यानं छातीशी दाबला. "असा धरावा लागतो. झालं समाधान?" सावनीनं तुटका पंजा दगडासकट खडमांजराच्या छातीवर दाबून बसवला. "मग हे जगलं, बाबा."