अंगठ्यापाशी पुसलेली रेघ

आमच्या चित्रवर्गात काका-काकू जोडीनं मॉडेल म्हणून बसायचे. मधल्या सुट्टीनंतर पुन्हा तसंच बसता यावं, म्हणून मी त्यांच्या अनवाणी पावलांभोवती खडूनं रेघ ओढायचे. पण काकूंचा अंगठा सारखा वळवळायचा आणि रेघ पुसून टाकायचा.

"काकू, आवरा की त्याला!"

"अगं, इतक्या वर्षांत तुझ्या काकांनी माझं ऐकलं नाही, अंगठा काय ऐकणार?"

काकू वारल्यानंतर आज काका पहिल्यांदाच आले. एकटेच. बाकाच्या अगदी कडेला टेकले.

"काका, मध्ये सरका ना, पडाल."

"असू दे गं. तिच्यापुरती जागा सोडायची सवय झालीय."

मी गुपचूप त्यांच्या पावलांभोवती रेघ ओढली आणि चित्राला लागले.

मधली सुट्टी झाली. काका चहाला गेले. बाकाखाली नजर गेली, तर त्यांच्या पावलांच्या रेघांशेजारी आणखी दोन पावलं होती. लहानशी, ताज्या खडूची. खडू तर माझ्याच खिशात होता.

उजव्या अंगठ्यापाशी रेघ पुसट झाली होती. माझ्या डोळ्यांदेखत ती आणखी पुसली जात होती.

सवयीनं तोंडून निघून गेलं, "काकू, आवरा की त्याला!"

रेघ पुसणं थांबलं.