घर दाखवताना

“आता एवढी तसबीर राहिली,” टोनी म्हणाला.

सुखराज स्टुलावर चढला आणि त्याने गुरू नानकांची तसबीर भिंतीवरून उतरवली. फोडणीचा वास जावा म्हणून घराच्या खिडक्या सकाळपासून सताड उघड्या होत्या. इंडियानातला एप्रिल, वारा हाडांत शिरत होता. टोनी घरांचा दलाल, मूळचा पंजाबातल्या फगवाड्याचा, तेजपालचा टोनी झालेला. त्याने आणलेली दोन गिऱ्हाइकं आली तशी परत गेली होती. दुसरं जोडपं तर उंबरठासुद्धा ओलांडून आलं नव्हतं. दार सुखराजच्या वडिलांनी, पगडी-दाढीवाल्या मेहताबसिंगांनी उघडलं होतं.

“हिला ठेवू कुठे?” सुखराजने विचारलं.

“गॅरेजमध्ये ठेव, पाजी. तासाभराचा तर प्रश्न.”

“गॅरेजमध्ये जोडे असतात,” कोपऱ्यात उभे असलेले मेहताबसिंग म्हणाले. त्यांनी मुलाच्या हातून तसबीर घेतली, धुतलेल्या पांढऱ्या कापडात नीट गुंडाळली आणि छातीशी धरली. “मी हिला घेऊन बाहेर बसतो. मला बाहेर धाडायचंच आहे ना तुम्हाला? सरळ सांगायचं.”

टोनी हसला. “बापूजी, रागावू नका. माणूस घरात शिरला की त्याला वाटलं पाहिजे, हे आपलंच घर. तुम्हाला बघितलं की वाटतं, हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे.”

“आहेच की.”

सुखराजने गुळगुळीत गालावरून हात फिरवला. “बापूजी, हे घर गेलं तरच गुरुद्वाऱ्याजवळचं हाती लागेल. रोज चालत जाल तुम्ही. तुमच्यासाठीच चाललंय ना हे सगळं?”

मेहताबसिंगांनी पगडी सारखी केली आणि ते निघाले.

रस्त्यापलीकडे वस्तीतल्या मुलांसाठी छोटीशी बाग होती. दोन झोपाळे, एक घसरगुंडी, एक बाक. ते बाकावर बसले आणि गुंडाळलेली तसबीर त्यांनी मांडीवर ठेवली. समोरच त्यांचं घर. एक गाडी येऊन थांबली, तरुण नवराबायको उतरले, टोनी हात पुढे करत पायऱ्या उतरला.

झोपाळ्यावर एक लहान मुलगी होती. तिने त्यांच्याकडे बघून हात हलवला. त्यांनीही हलवला. तिची आई धावतच आली, मुलीला झोपाळ्यावरून उचलून घेऊन गेली. जाताना ती फोनवर कुणाशी तरी बोलत होती.

थोड्या वेळाने पोलिसांची गाडी आली. तिच्यातून एक तरुण पोलीस उतरला आणि लांबच उभा राहिला. त्याचा हात कमरेच्या पिस्तुलावर होता.

“मांडीवर काय आहे?”

“तसबीर.”

“खाली ठेवा. जमिनीवर. आणि मागे व्हा.”

मेहताबसिंगांना इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण एवढं कळलं. ते उठून उभे राहिले. जमिनीवर चिखल होता.

“जमिनीवर नाही,” ते म्हणाले.

“खाली ठेवा म्हणतोय ना!” पोलिसाचा आवाज चढला. “मग हात वर! दोन्ही हात वर, मला दिसतील असे!”

समोरच्या घराचं दार उघडलं. आवाज ऐकून चौघंही बाहेर आले होते. सुखराज एक पायरी उतरला. टोनीने त्याचं कोपर धरलं.

“थांब, पाजी,” तो पंजाबीत पुटपुटला. “गिऱ्हाइकासमोर नको. काही करत नाही तो त्यांना.”

सुखराज थांबला.

मेहताबसिंगांनी तसबीर दोन्ही हातांनी उचलली आणि डोक्यावर धरली. ते तसेच उभे राहिले. पोलीस सावकाश जवळ आला, त्याने तसबीर ओढून घेतली आणि कापड सोडलं. मग त्याने मोठा श्वास सोडला. तो फारतर चोविसेक वर्षांचा असेल. त्याच्या कपाळावर घाम होता.

“हे कोण? तुमचे आजोबा?”

“तसेच.”

“सॉरी, सर. फोन आला की यावं लागतं आम्हाला.” त्याने तसबीर परत दिली. कापड चिखलात पडलं होतं, तेही त्याने उचलून दिलं. “तुम्ही राहता कुठे?”

मेहताबसिंगांनी समोर बघितलं. दारात त्यांचा मुलगा उभा होता. त्याच्या मागे ती दोघं, बाईने नवऱ्याचा दंड घट्ट धरलेला. मेहताबसिंग मुलाच्या तोंडाकडे बघत राहिले. सुखराजने मान खाली घातली.

“लांब,” मेहताबसिंग म्हणाले. “तिकडे, गुरुद्वाऱ्याजवळ.”

“मग इथे का बसलात? ही बाग इथल्या राहणाऱ्यांसाठी आहे. घरी जा, सर. थंडी आहे.”

त्यांनी मान हलवली. चिखल लागलेलं कापड खिशात कोंबलं, तसबीर कोटाच्या आत घेतली आणि ते चालू लागले. एकदाही मागे न बघता कोपऱ्यावर वळले. पोलिसाची गाडीही गेली.

दारातल्या बाईने नवऱ्याचा दंड सोडला. पहिल्यांदाच ती मोकळेपणाने हसली.

“पोलीस किती पटकन आले, नाही?” ती सुखराजला म्हणाली. “वस्ती सुरक्षित आहे तुमची.”

टोनी सुखराजकडे बघत होता.

“हो,” सुखराज म्हणाला. “या ना. वरच्या खोल्या बघायच्या राहिल्यात.”