संडासातलं कॅलेंडर

हार्लिंगेनमध्ये पाहिलेलं हे सतरावं घर. फेम्केला ते दारातच आवडलं.

"चेहऱ्यावर दिसू देऊ नकोस हं, एजंट लगेच भाव चढवेल," असं कुजबुजून नवरा, वोब्बे, शिडीनं माळा बघायला चढला.

ती संडासात शिरली. नेदरलँड्समध्ये घरोघरी संडासात असतं तसं इथंही भिंतीवर वाढदिवसांचं कॅलेंडर होतं, जुन्या मालकांनी मागे सोडलेलं. वारलेल्या माणसांची नावं रिवाजाप्रमाणे खोडलेली. मार्चमध्ये तिच्याच तारखेपुढे लिहिलं होतं : फेम्के.

असेल दुसरी कुणी.

तिनं घाईघाईनं नोव्हेंबर काढला. नऊ तारखेला, वोब्बेच्या वाढदिवशी, वोब्बेचं नाव. अक्षर तिचं स्वतःचं. नाव खोडलेलं.

तिनं त्यावरून बोट फिरवलं. शाई बोटाला लागली.

"फेम्के, घेऊनच टाकू गं हे!" माळ्यावरून वोब्बे ओरडला, आणि शिडी करकरली.