मंजुरी

“रोख बंद झाली, बाई. हा कोड स्कॅन करा.” खिडकीतल्या कारकुनाने नोटा तिच्याकडे परत सरकवल्या.

तिला क्षणभर कळेचना. वर्षभर दुपारच्या वेळी शेजारणींचे कपडे शिवून तिने ते पैसे साठवले होते, नवऱ्याच्या नकळत. घरात दुसरी नोट नव्हती. खांद्यावर मुलगी पेंगत होती. गाडी फलाटाला लागलेली. पुढची गाडी थेट उद्या रात्री, आणि नवरा उद्या संध्याकाळी परतणार. पलीकडच्या शहरात थोरली बहीण वाट बघत होती. “तू फक्त ये, पुढचं मी बघते,” म्हणाली होती.

ती मागच्या माणसाकडे वळली. “दादा, हे पैसे घ्या आणि तुमच्या फोनवरून माझं तिकीट काढता का?”

त्याने नोटांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. “राग मानू नका, ताई. हल्ली कोण कसं गंडवेल, नेम नाही.”

त्याच्या मागच्या बाईने तर पर्स छातीशी धरली. त्यांचंही चुकत नव्हतं. खिडकीशेजारी फलकच होता: ‘अनोळखी व्यक्तीसाठी व्यवहार करू नका.’

असल्या सूचना लिहिणं हेच तिच्या नवऱ्याचं काम. बँकेच्या सुरक्षा विभागात तो मोठ्या हुद्द्यावर होता. फोनवरून होणाऱ्या फसवणुकीवर ठिकठिकाणी भाषणं द्यायचा. लोक तिला म्हणायचे, नशीब काढलंस. घरातली पै न् पै आपल्याला दिसली पाहिजे, हा त्याचा नियम. दूध-भाजीपुरती रक्कम तिच्या फोनवरून जायची. त्यावरच्या प्रत्येक खर्चाला त्याची मंजुरी लागायची. रात्री जेवण झालं की तो फोन घेऊन बसे. “दुपारी औषधाच्या दुकानात काय घेतलंस? दूध आज जास्त का?” आवाज कधी चढत नसे. चढला असता तर निदान शेजारी तरी धावले असते.

सासूबाईंची पेन्शनसुद्धा त्याच्याच हातात होती. गुडघ्याला लावायचं तेल हवं असलं तरी त्या मुलाला दोनदा विचारत आणि तिसऱ्यांदा गप्प बसत. सुनेला त्यांनी आजवर एकच सल्ला दिला होता. “त्याला विचारून करावं गं.”

गेल्या आठवड्यात शाळा सुटल्यावर मुलीने आइस्क्रीम मागितलं. तिने ते घेऊन दिलं आणि वही घेतली म्हणून सांगितलं. त्याने मुलीला समोर उभं केलं. मुलगीही म्हणाली, वही. मग त्याने तिचा दंड धरला आणि पिरगळला. शांतपणे, खरं बोलेपर्यंत. सासूबाई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. हलल्यासुद्धा नाहीत. दंडावरचा निळा डाग अजून गेला नव्हता.

आज तो विमानात होता, फोन बंद. म्हणून जाताना मंजुरीचा अधिकार आईच्या फोनवर देऊन गेला होता. “बटण दाबण्याआधी हिला दहा प्रश्न विचार, आई.”

“विचारीन की,” सासूबाई म्हणाल्या होत्या.

“बाई, तिकीट घेताय की बाजूला होताय? लाइन खोळंबलीय,” कारकून म्हणाला.

मुलीने झोपेत मान वळवली. तिचा दुखरा दंड आईच्या गळ्याशी आला. तिने नोटा मुठीत चुरगाळल्या आणि फोन काढला. “एक पूर्ण, एक अर्धं,” ती म्हणाली आणि कोड स्कॅन केला.

पडद्यावर अक्षरं उमटली. ‘मंजुरीसाठी पाठवले आहे. कृपया थांबा.’

ती थांबली. लाइनही थांबली. कुणीतरी च्यक् केलं. पलीकडे वाहकाने गाडीचा पत्रा थोपटून शेवटची हाक दिली आणि इकडे तिचा फोन वाजला. सासूबाई.

घेऊ नये असं वाटलं. पण घेतला नाही तर मंजुरी कुठली? तिने फोन कानाला लावला. मागे कसली तरी घरघर चालली होती. टीव्ही लावला असावा.

“कुठे आहेस?”

“आई, हिला जरा डॉक्टरांकडे…”

“डॉक्टरांकडे जाताना पोरीचे स्वेटर कुणी नेत नाही. आणि माझ्यासमोर इथे बसस्थानक असं लिहून आलंय.”

“आई, पाया पडते तुमच्या. तो उतरल्यावर त्याला काय सांगायचं ते सांगा. पण आत्ता एवढं…”

“किती तिकिटं काढतेयस?”

“एक पूर्ण आणि एक अर्धं.”

पलीकडे नुसती घरघर. मग सासूबाई एकेक शब्द तोलत बोलल्या. “रद्द कर ते.”

तिने डोळे मिटले. खिडकीच्या कठड्याला धरून ती उभी राहिली. मागचा माणूस पुढे सरकू लागला, तशी ती निमूट बाजूला होऊ लागली.

“ऐकतेयस ना? रद्द कर आणि दोन पूर्ण, एक अर्धं असं पाठव. स्वेटर दिसले नाहीत तेव्हाच तुझ्यामागोमाग निघालेय, बसल्याबसल्या मंजूर करते. आणि त्या गाडीवाल्याला म्हणावं, दोन मिनिटं थांब बाबा, म्हातारी रिक्षात आहे, आलीच.”