निळा ठोकळा

प्राणवायूचं यंत्र दर दहा मिनिटांनी बंद पडत होतं आणि दर वेळी हेमलताबाई उठून ते पुन्हा चालू करत होत्या. पलंगावर त्यांचे यजमान डोळे मिटून धापा टाकत होते.

दुरुस्तीला आलेला पराग ढमाले त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. त्याने यंत्राच्या पडद्यावरचे आज्ञांचे रंगीत ठोकळे बोटाने ओढून चार वेगवेगळ्या तऱ्हांनी जोडून पाहिले. दर वेळी यंत्र दहाव्या मिनिटाला बंदच पडलं.

“जोडणी बरोबर आहे, मॅडम. ‘थांब’च्या निळ्या ठोकळ्यातच बिघाड आहे. गावातली सगळी यंत्रं कालपासून अशीच करतायत.”

“मग तो ठोकळा उघड ना.”

पराग त्यांच्याकडे बघत राहिला. “ठोकळा उघडायचा नसतो. संगणकाच्या पहिल्याच तासाला तुम्ही वहीत दहा वेळा लिहून घेतलं होतं. आतलं आमच्या ऑफिसात कुणालाच कळत नाही. कंपनीत फोन केला, तर तिथेही सगळे ठोकळेच जोडतात.”

हेमलताबाईंनी यजमानांच्या नाकावरची नळी सरळ केली.

“तुमच्या वर्गात ती लोखंडे होती बघ. सारखी विचारायची, आत काय आहे म्हणून.”

“जान्हवी. तिने एकदा ठोकळा उघडला, तेव्हा तुम्ही तिला प्रॅक्टिकलला शून्य दिलं होतं. नंतर तिने शाळाच सोडली.”

“आता कुठे असते ती?”

“माहीत नाही.” यंत्र पुन्हा बंद पडलं होतं. परागने बटण दाबलं. “पैकीच्या पैकी मला दिले होते तुम्ही.”